सध्या मुक्काम जबलपूर

आमच्या घराण्यात जड वस्तू विकत घेण्याची रीत नाही. याचे मूळ गरिबीत आहे असे कोणी म्हणेल, आणि ते अगदीच खोटे ठरणार नाही. पण खरे कारण निराळे आहे. आमचे आजोबा नागपूरच्या उच्च न्यायालयात कारकून होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर राजधानी असलेला जुना मध्यप्रदेश मोडला, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि नव्या मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास बसू लागले. दप्तरांच्या गठ्ठ्यांबरोबर जे कारकून आले त्यांत आजोबा होते. बदली आपली झाली की प्रांताची, हे त्यांना अखेरपर्यंत नीटसे उमगले नाही. दोन वर्षांत परत जाऊ, असे आजीला सांगून त्यांनी चार लोखंडी ट्रंका, दोन घडीच्या खाटा आणि एक पितळी बंब एवढेच सामान आणले. १९९१ साली ते येथेच वारले. पुण्याच्या काकांनी त्यांची पत्रे जपून ठेवली आहेत. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक पत्राच्या माथ्यावर एकच ओळ आहे : 'सध्या मुक्काम जबलपूर.'

आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, नागपुराहून निघाले तेव्हा तीन वर्षांचे होते. पुढे तेही केंद्राच्या नोकरीत लागले. कटनी, सागर, नरसिंहपूर अशा बदल्या भोगून दर वेळी जबलपुरास परतले. त्यांचे सूत्र ठरलेले होते. ट्रंकेत मावते तेच आपले. लाकडी कपाट ज्याला गाव आहे त्याने घ्यावे. १९९६ साली आजीच्या हट्टापायी त्यांनी मदन महालच्या बाजूस तीन खोल्यांचे घर घेतले खरे. पण त्या घरातही कपडे ट्रंकेतच राहिले. पाहुण्यांना वाटे, मंडळी कालच आली आहेत किंवा उद्या निघणार आहेत.

अशा घरात आम्ही गेल्या वर्षी २२८ किलो वजनाचे एक यंत्र आणून ठेवले. त्याची ही हकिकत.

लाकूडकामाचा नाद आम्हाला २०२० च्या टाळेबंदीत लागला. कचेरीत आम्ही जे काम करतो ते चोख करतो, अशी आमची समजूत आहे; पण संध्याकाळी टेबलाकडे पाहावे तर सकाळी होते तेवढेच कागद असतात, फक्त निराळे. एक पाट केला तर तो दुसऱ्या दिवशीही पाटच असतो. या सुखाची चटक लागली. प्रथम हातकरवत, मग हातात धरून चालवावयाची विजेची करवत, मग लोखंडी पायांवर उभे राहणारे एक हलके यंत्र, अशा पायऱ्या आम्ही चढलो. परंतु ते हलके यंत्र सुरू झाले की थरथरत असे, फळी थरथरत असे, आणि कापलेली कड उंदराने कुरतडल्यासारखी निघत असे. आम्ही स्वतःच्या हाताला दोष देत राहिलो. अखेरीस एका सुतारमित्राने निदान केले, "तुमचा हात बरा आहे. यंत्राला वजन नाही."

लाकूड कापणारे पाते तर हातभरही नसते. मग वजन कशाला हवे? पण वजनाचेच ते काम आहे. दहा इंच व्यासाचे पाते मिनिटास चार हजार फेरे घेते, तेव्हा त्याच्या दातांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. एवढ्या वेगाची थरथर कोणीतरी गिळावी लागते. आणि ओतीव लोखंड ती चांगली गिळते. १९३९ साली, म्हणजे आमच्या शेजारी त्रिपुरीस काँग्रेसचे अधिवेशन भरले त्याच वर्षी, अमेरिकेतील डेल्टा कंपनीने 'युनिसॉ' नावाचे यंत्र काढले. मोटर पोटात घेतलेली बंद पेटी, वर ओतीव लोखंडाचे सपाट टेबल, आणि तिरपे कापायचे झाल्यास टेबलाऐवजी कलणारे पाते, असा त्याचा घाट. पुढे या जातीची जी यंत्रे जगभर निघाली ती बहुतेक याच वळणावर गेली. सुतारांच्या बोलीत तिला नुसते 'पेटीवाली मशीन' म्हणतात.

अशी एक तैवानी बनावटीची पेटीवाली मशीन राँझीच्या बाजूस विकावयाची आहे, अशी बातमी लागली. लाकडी सामान बनविणाऱ्या एका वृद्ध कारखानदाराने धंदा आवरला होता. ते म्हणाले, "आजकाल भारी फर्निचर कौन लेता है बाबूजी? सबका ट्रान्सफर होता रहता है." या वाक्यावर आम्ही काही बोललो नाही. बासष्ट हजारांवर सौदा ठरला. पात्यावरचे संरक्षक झाकण आणि पात्यामागे उभी राहणारी पोलादी पाचर त्यांनी एका फडताळातून काढून दिली. दोन्ही मूळच्या तेलकट कागदात गुंडाळलेली, कोरी. "गार्ड लगाके चलाना," ते म्हणाले. आपण का लावले नाही, असे विचारताच त्यांनी डावा हात जरा वर केला. तर्जनीचे शेवटचे पेर नव्हते. "जल्दी रहती थी," एवढेच त्यांनी सांगितले.

ती पाचर पाहावयास क्षुल्लक असते, पण तिचे काम मोठे आहे. चिरताना फळीतला ताण मोकळा होतो आणि कधीकधी कापलेली फट पुन्हा मिटू लागते. मिटणाऱ्या फळीला पात्याच्या मागच्या बाजूचे वर येणारे दात पकडतात आणि चालविणाऱ्याच्या पोटावर भिरकावतात. पाचर ती फट मिटू देत नाही. अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी १९९९ साली याहून पुढची युक्ती काढली : बोट लागताच पात्यातील विजेचा सूक्ष्म संकेत बदलतो, ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसतो आणि पाते सेकंदाच्या काही सहस्रांशांत थांबते. आमच्या यंत्रात तसे काही नाही. आमच्यापाशी पाचर आहे, झाकण आहे आणि त्या गृहस्थांचे बोट आहे.

खरेदीपूर्वी आम्ही नियम पाहिले, हे सांगावयास नकोच. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील अठराव्या नियमानुसार दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किमतीची जंगम वस्तू घेतल्यास महिन्याच्या आत वरिष्ठांस कळवावे लागते. आमचा सौदा थोडक्यात आत बसला. दुसरी भीती वनखात्याची होती. मध्यप्रदेशात लाकूड चिरण्याच्या धंद्यावर १९८४ च्या कायद्याचे नियंत्रण आहे. मात्र केंद्राने २०१६ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशी सवलत आहे की, वैध मार्गाने घेतलेले चिरीव लाकूड किंवा प्लायवूड वापरणाऱ्यास, गोल करवत ३० सेंटिमीटरहून मोठी नसेल, तर परवाना नको. दहा इंच म्हणजे २५.४ सेंटिमीटर. बारा इंची पाते असते, तर अर्ध्या सेंटिमीटराने आम्ही पलीकडे गेलो असतो. कारकुनाच्या जिवाला एवढा आधार पुरे.

अण्णांच्या जिवाला मात्र पुरला नाही. "अरे, उद्या बदलीचा हुकूम आला, तर हे धूड डोक्यावर घेऊन जाणार आहेस का?" त्यांनी विचारले.

बदलीचा हुकूम हा आमच्या घरातील एक अदृश्य पाहुणा आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही पुण्यास बदली मिळावी म्हणून विनंतीअर्ज केला होता आणि दर जानेवारीत त्याचे स्मरणपत्र पाठवीत होतो. अण्णांचे एकुलते एक बंधू पुण्यास आहेत. तेथे नाटके आहेत, सकाळी दारात मराठी वर्तमानपत्र पडते, भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करता येते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला असे वाटणे साहजिक आहे. आमचे स्वतःचे काय मत होते, हे आम्ही स्वतःला कधी विचारले नव्हते. अर्ज हा आजोबांच्या ट्रंकांसारखा वारशाने आला होता.

"अण्णा, हुकूम आला तर पाहू," आमची सौ. म्हणाली. "तीन वर्षं तो येतोच आहे."

यंत्र आणण्याच्या दिवशी एक छोटा हत्ती, म्हणजे चार चाकांचा लहान मालट्रक, आणि चार हमाल ठरविले. आदल्या दिवशी टेबलाचे दोन्ही बाजूंचे लोखंडी पंख, मार्गपट्टी आणि मोटर सोडवून ठेवली होती. तरी मधले धड दीडशे किलोंच्या वर होतेच. हमालांचा मुकादम पन्नाशीचा, अंगाने किरकोळ. त्याने यंत्राभोवती एक फेरी मारली, एका कोपऱ्याला तळवा लावून जरासे ढकलून पाहिले, आणि लाकडी गुटके मागितले. कोपरा पहारीने बोटभर उचलायचा, गुटका सारायचा. मग पलीकडचा कोपरा. बोटभरापेक्षा अधिक तो कधीच उचलू देईना. खाली लोखंडी नळ्या गेल्या तसे ते धूड आज्ञाधारक गाईसारखे फळीवरून गाडीत चढले. मदत करावी म्हणून आम्ही बाह्या सावरल्या, तेव्हा तो म्हणाला, "बाबूजी, आप गिनती बोलो." आम्ही एक, दोन, तीन म्हणू लागलो. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या पदवीचा इतका सरळ उपयोग प्रथमच झाला.

घमापूर चौकातील गर्दीत गाडी अर्धा तास अडकली. एका स्कूटरवाल्याने मान वळवून आम्हाला हाक दिली, "काए बड्डे, तोप ले आए का?" तोपगाड्यांचा कारखाना १९०४ सालापासून असलेल्या शहरात हा प्रश्न अगदीच अवाजवी नव्हता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली; पुढची साठ पावले आणि तीन पायऱ्या नळ्यांवरून काढायला दोन तास लागले. अण्णा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. यंत्र उंबरठ्यावर आले तेव्हा ते उठले आणि त्यांनी आपली खुर्ची मागे घेतली, एवढेच.

मागील पडवीत यंत्र पोहोचले. पण पोहोचणे आणि बसणे यांत फार अंतर आहे, हे पुढील पंधरवड्यात कळले. मोटर तीन फेजची, घरात एक फेज. वीजतंत्र्याने एक फेज घेऊन तीन फेज देणारे, व्ही. एफ. डी. नावाचे उपकरण आणले, मोटरची जोडणी २२० व्होल्टची केली, आणि पाते चढवू नका असे बजावून कळ दाबली. दांडा गरगर फिरला, पण उलटा. आमचे तोंड उतरलेले पाहून तो हसला, वीज तोडून मोटरच्या तीन तारांपैकी दोन अदलाबदल केल्या, आणि दांडा सुलट फिरू लागला. पाते चढविलेले असते तर उलट्या फिरण्याने त्याचा आटा सैल होऊ शकला असता.

मग पाते टेबलाशी समांतर करणे आले. टेबलात लांबीभर एक खाच असते. पाते तिला समांतर नसेल, तर लाकूड जळते, अडते आणि मागे उडते. पात्याच्या एका दातावर खूण करावी, तो दात पुढे असताना खाचेपासूनचे अंतर मोजावे, पाते फिरवून तोच दात मागे न्यावा व पुन्हा मोजावे. आमच्या मोजणीत ०.४ मिलिमीटरचा फरक निघाला. पेटीवाल्या यंत्राची खुबी अशी की, पाते पेलणारी चौकट टेबलाला नव्हे तर पेटीला जखडलेली असते. त्यामुळे टेबलाचे तीन बोल्ट सैल करून, चौथ्याभोवती लाकडी हातोडीने हलकेच ठोकून, टेबल केसभर फिरविता येते. ठोका, मोजा, पुन्हा ठोका. तीन रात्री यात गेल्या.

याच सुमारास, यंत्राचे पंख भिंतीशी टेकलेले आणि बोल्ट बशीत पडलेले असताना, कचेरीत आमच्या नावाचे पत्र आले. पुण्यास एक जागा रिकामी होत आहे. अर्जदार अद्याप इच्छुक असल्यास तसे पंधरा दिवसांत कळवावे.

ते पत्र आम्ही घरी आणून देवापाशी ठेवले. चार दिवस त्यावर कोणी अक्षर बोलले नाही. अण्णांनी पुण्यास काकांना दूरध्वनी केला. पण पत्राची गोष्ट काढली नाही. सौ. एवढेच म्हणाली, "तुम्हाला लिहिल्याशिवाय स्वतःचं मत कळत नाही. उत्तर लिहून पाहा."

रविवारी पहाटे आम्ही मदन महालच्या टेकडीकडे फिरावयास गेलो. वाटेत ती प्रसिद्ध संतुलित शिला आहे : खालच्या खडकावर एक अजस्र धोंडा अशा बेताने टेकलेला की, दोहोंमधली टेकण पाहून धक्का मारला तर गडगडेल असे वाटावे. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपुरास भूकंप झाला, घरे पडली, माणसे दगावली, आमच्या नव्या घराच्या भिंतींना भेगा गेल्या. त्या वेळी आम्ही लहान होतो. अण्णांनी आम्हाला कडेवर घेऊन रस्त्यात धाव घेतली होती. शिला हलली नाही. तेथे उभे असता मनात आले, या गावात मराठी माणसे काही आजची नाहीत. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला घेतले. १७९८ साली हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १८१७ साली इंग्रजांनी तो घेतला. राज्ये गेली आणि माणसे राहिली. जी राहिली त्यांना पुण्याचे नातेवाईक 'तुमची मराठी किती हिंदी हो!' म्हणतात, आणि येथील शेजारी 'मराठी साहब' म्हणतात. दोन्हीकडे आम्ही पाहुणे. परंतु आमची मुलगी 'अपन जाऊ या' म्हणते तेव्हा तिला आपण पाहुणी आहोत असे वाटत नाही. आम्हालाही, खरे पाहता, वाटत नव्हते. वाटायला हवे, अशी आमची समजूत मात्र होती.

घरी येऊन पाहतो, तो अण्णा पडवीत. पाणसळ यंत्राच्या टेबलावर ठेवून, चष्मा कपाळावर सरकवून, ते तिच्या नळीतील बुडबुडा पाहत होते.

"हा कोपरा खाली आहे," ते म्हणाले. "फरशी कटनीची, मला ठाऊक आहे, मीच घातली होती. इथं काहीतरी पातळ सरकव."

आम्ही पुठ्ठा शोधू लागलो. "पुठ्ठा दबतो," असे म्हणून ते आत गेले आणि लोखंडाची एक चपटी पट्टी घेऊन आले. ती कोठली हे आम्ही ओळखले. आजोबांच्या मोठ्या ट्रंकेची कडी कित्येक वर्षे तुटलेली होती. तिची पट्टी अण्णांनी खिळ्यांच्या डब्यात टाकून ठेवली होती. आम्ही पहारीने कोपरा बोटभर उचलला. अण्णांनी पट्टी सरकविली. "आता सोड," ते म्हणाले. यंत्र टेकले, आणि बुडबुडा सरकत सरकत मधोमध येऊन थांबला.

त्या रात्री आम्ही उत्तराचा मसुदा केला : 'अर्जदार पुणे येथील बदलीस सध्या इच्छुक नाही.' सवयीप्रमाणे तो अण्णांना दाखविला. निवृत्त झाले तरी मसुदा तपासताना त्यांच्या हातात पेन्सिल असते. त्यांनी तो दोनदा वाचला, 'सध्या' या शब्दाखाली एक बारीक रेघ ओढली, आणि काही न बोलता कागद परत दिला. कचेरीतील चाळीस वर्षांच्या रिवाजानुसार त्या रेघेचा अर्थ एकच होतो : हा शब्द हवा का, याचा पुन्हा विचार व्हावा.

त्या रेघेसाठी त्यांना काय मोजावे लागले असेल, याचा आम्ही हिशेब केला नाही. करणे आम्हाला शक्य नव्हते. स्वच्छ प्रतीत तो शब्द घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी काकांना दूरध्वनी करून ती बातमी दिली. दार लावून घेतले होते. ते बराच वेळ बोलत होते.

यंत्र फरशीला चार बोल्टांनी जखडले आहे. झाकण आणि पाचर लावूनच ते चालते. पहिल्या दिवशी सागवानाची एक फळी चिरली. सुरी लोण्यातून जावी तसे पाते गेले आणि कड अशी निघाली की तीवर बोट फिरवीत राहावे. अण्णा दाराशी उभे होते. भुश्श्याचा वास घरभर पसरला. काय करणार आहेस, असे त्यांनी विचारले.

"कपाट," आम्ही म्हणालो. "तुमच्या खोलीत."

ते आत गेले. थोड्या वेळाने मोजपट्टी ओढल्याचा आवाज आला, आणि मग त्यांची हाक : "अरे, उंची लिहून घे. खिडकीपर्यंत नको, वर छतापर्यंत जाऊ दे."